हमी दोघांना हवी

शेतमजुराचं किमान वेतन सरकारने वाढवावं आणि ते दर वर्षी वाढत राहावं, असं माझं आजचं मत आहे. माझ्यासारख्याने हे म्हणावं याचं आमच्या भागात काहींना नवल वाटेल, काहींना रागही येईल. मी शहादा तालुक्यातल्या कळसाडीचा शेतकरी. कापूस, पपई आणि थोडा ऊस अशी आमची शेती. मजूर लावणाऱ्यांच्या बाजूने मी आयुष्यभर बोलत आलो आणि किमान वेतनाचा विषय निघाला की विरोधाला सुरुवातही मीच करायचो. मत बदललं ते हळूहळू आणि मनाविरुद्ध बदललं. ते का बदललं, हे माझ्या शेतकरी भावाबहिणींपुढे मोकळेपणाने मांडावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी माझं जुनं म्हणणं सांगतो. त्यातला बराच भाग मला आजही खरा वाटतो.

मी म्हणायचो, मजुरी वाढवायची भाषा करणाऱ्याने आधी कापसाचा हिशेब करावा. मशागत, बियाणं, खत, निंदणी, फवारणी, वेचणी असं सगळं धरलं तर सर्वांत जास्त पैसा माणसाच्या हातांवर जातो. कापूस हातानेच वेचावा लागतो, त्याला सुटका नाही. मजुरी वाढली तर तो खर्च मी कुणावर टाकायचा? कारखानदार मालाची किंमत वाढवतो, मला ते करता येत नाही. माझ्या मालाचा भाव व्यापारी ठरवतो आणि व्यापाऱ्याचा भाव दिल्लीतल्या निर्णयावर हलतो. २०२५-२६ साठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. पण त्याच वर्षी १९ ऑगस्टला, आमचा कापूस शेतात उभा असताना, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. एका हाताने भाव पाडायचा आणि दुसऱ्या हाताने मजुरी वाढवायची, हा कुठला न्याय, असं मी विचारायचो. हा प्रश्न मी आजही सोडलेला नाही.

दुसरं म्हणणं असं होतं की मजुरी गावात ठरते, मुंबईत बसून ठरवता येत नाही. कापूस फुटला, मजूर कमी पडले की दर आपोआप चढतो आणि काम ओसरलं की उतरतो. सरकारी दराचा कागद इथे कुणी वाचत नाही. मग त्या कागदावरचा आकडा वाढवून काय होणार?

या दोन्ही म्हणण्यांना पहिला धक्का दिला तो पपईने.

पपईसाठी आमचा शहादा तालुका राज्यात ओळखला जातो. इथला माल ट्रकांनी उत्तर भारतात जातो आणि घेणारे बहुतेक व्यापारी बाहेरचे. भाव पडले की आम्ही शेतकरी बाजार समितीत जमतो, व्यापाऱ्यांना बोलावतो आणि दर ठरवून घेतो. ठरलेल्या दराखाली कुणी माल द्यायचा नाही, असा आमचा आग्रह असतो. त्या बैठकांमध्ये मीही तावातावाने बोललो आहे. माझा मुद्दा असायचा की पपई झाडावर थांबत नाही. ती पिकली की तोडावीच लागते, तोडली की विकावीच लागते. व्यापारी चार दिवस थांबू शकतो, शेतकरी थांबू शकत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याच्याशी मोकळा सौदा होऊच शकत नाही, त्याचं मरण ठरलेलं. म्हणून खाली एक दर बांधलेला हवा.

हे बोलणं मी घरी येऊनही मनात घोळवत राहिलो आणि मला कळून चुकलं की हे सगळं शब्दाला शब्द मजुराला लागू पडतं. आजचा रोज उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. आज काम मिळालं नाही तर तो दिवस गेला. घरात दाणे नसतील तर मजूर चार दिवस थांबू शकत नाही, मी मात्र वेचणी दोन दिवस पुढे ढकलू शकतो. व्यापाऱ्यासमोर मी जसा दुबळा, तशी माझ्यासमोर माझ्या शेतात राबणारी बाई दुबळी. मी माझ्यासाठी बांधलेला दर मागायचा आणि तिला मात्र बाजारभावावर सोडायचं, हे मला पटेना.

उसाच्या बाबतीत तर हे अजूनच उघड दिसतं. उसाला केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायची किमान किंमत, ठरवतं. २०२५-२६ साठी ती क्विंटलला ३५५ रुपये होती. कारखान्याच्या साखरेलाही किमान विक्री दर आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये केला गेला. म्हणजे ऊस पिकवणाऱ्याला आधार आणि साखर बनवणाऱ्यालाही आधार. ऊस तोडणाऱ्याचा दर मात्र महाराष्ट्रात संपाचा इशारा दिल्याशिवाय सहसा हलत नाही. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना यांच्यात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तोही संघटना होत्या म्हणून. माझ्या शेतात निंदायला येणाऱ्या बायकांची कुठली संघटना आणि त्यांच्याशी कोण करार करणार? ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांच्यासाठीच कायदा असतो.

दुसरा धक्का वजनकाट्याचा. वेचणीची मजुरी आमच्याकडे किलोवर असते. संध्याकाळी बांधावर काटा टांगतात, एकेक बाई आपलं गाठोडं घेऊन येते, वजन वहीत लिहिलं जातं. ही वही आमच्या घरी वर्षानुवर्षं जपून ठेवलेली आहे. ती मी कायम बेरीज पाहण्यासाठी उघडायचो. एकूण किती क्विंटल निघाला आणि किती पैसे द्यायचे एवढंच मला हवं असायचं. एकदा ती मी एकेका नावापुढे वाचली. पहिल्या वेचणीला बोंडं भरघोस फुटलेली असतात, तेव्हा सराईत बाई चाळीस-पन्नास किलो वेचते. शेवटच्या वेचणीला झाडावर उरलेली कवडी बोंडं शोधत फिरावं लागतं, तेव्हा तीच बाई तेवढेच तास राबून पंधरा किलोपर्यंत येते. किलोला दहा रुपये धरले तर पहिल्या वेचणीला चारशे-पाचशे आणि शेवटच्या वेचणीला दीडशे. ऊन तेवढंच, वाकणं तेवढंच, बोंडाच्या टोकांनी फाटलेली बोटं तेवढीच. पीक कमी आलं हा माझा तोटा होता, आणि त्यातला मोठा हिस्सा किलोच्या दराआडून मी तिच्या अंगावर टाकत होतो. सकाळच्या दवाने कापूस ओला आहे म्हणून वजनात घट धरायची, तीही तिच्याच वाट्याची. बाजारात व्यापारी आमच्या मालाला अशीच घट लावतो तेव्हा आम्ही आरडाओरडा करतो.

किमान वेतनाच्या कायद्यात याचं उत्तर १९४८ पासून लिहिलेलं आहे. काम नगावर असो की वजनावर, ठरल्या वेळेच्या कामाची कमाई ठरवलेल्या किमान रोजाखाली जाऊ नये, हा त्याचा गाभा. आणि त्यात बाई-पुरुष हा भेद नाही. आमच्याकडे मात्र निंदणीचं काम बाईचं म्हणून त्याला कमी रोज आणि फवारणीचं काम पुरुषाचं म्हणून त्याला जास्त, हे आम्ही निसर्गनियमासारखं धरून चालतो. समान वेतनाचा कायदा तर १९७६ मध्येच झाला. किमान दर वाढला आणि पाळला गेला, तर सर्वांत जास्त फायदा बायकांना होईल, कारण सर्वांत खालच्या दरावर त्याच काम करतात.

तिसरी गोष्ट गावातून रिकाम्या होणाऱ्या घरांची. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आणि आमच्या तालुक्यातल्याही वस्त्या रिकाम्या होतात. ट्रक भरून माणसं ऊसतोडीला दक्षिण गुजरातकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात मुकादमाने दिलेली उचल हंगामभर फेडायची, खावटीचे दाणे त्याच हिशेबात, आणि हातात काय येतं ते शेवटी कळायचं. मुलं सोबत जातात, शाळा सुटते. मजूर मिळत नाहीत, माणसं आळशी झाली, फुकटच्या धान्याने बिघडली, असं आम्ही इथे म्हणत राहतो. आळशी माणूस पाचटात पाल ठोकून थंडीवाऱ्यात पहाटे ऊस तोडायला जात नाही. तो इथून जातो कारण इथे अडीनडीला उचल नाही आणि सलग कामाची खात्री नाही. गुजरात सरकारने २०२२ च्या अखेरीस ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. पदरात तो किती पडतो हा वेगळा प्रश्न, पण कागदावरचा दर दुप्पट होऊनही तिथला ऊस उभा राहिला नाही आणि कारखाने बंद पडले नाहीत. दर वाढला की धंदा बुडतो, हे वाक्य मी त्यानंतर पूर्वीच्या खात्रीने म्हणू शकलो नाही.

या विषयावर बोलताना आमच्या तालुक्याचा इतिहास टाळता येत नाही. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला धान्य मागायला आलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला, श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराज, वाहरू सोनवणे, कुमार शिराळकर ही नावं त्या लढ्याची. सालदारांची मजुरी, बळकावलेल्या जमिनी आणि दारूबंदी हे विषय त्यांनी हाती घेतले, आणि आदिवासी बायका त्यात पुढे होत्या. उलट बाजूने बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायटी काढली. माझ्यासारख्या घरांत या काळाची आठवण फार वेगळी सांगितली जायची. बाहेरून आलेल्या शिकलेल्या पोरांनी सालदारांना फूस लावली, चांगलं चाललेलं घर मोडलं, असं आम्ही ऐकत मोठे झालो. पाडवा-आखाजीच्या सुमाराला साल ठरायचं, सालदार पहाटेपासून रात्री बैलांना वैरण घालेपर्यंत राबायचा, आणि उचल फिटली नाही तर पुढचं सालही तिथेच. हे घर कुणासाठी चांगलं चाललं होतं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. शेतमजुरांच्या किमान वेतनासाठी वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालची समिती आणि त्यानंतरचे दर त्या लढ्याच्याच वर्षांतले. तो दर आम्हाला मजुरांना दयेपोटी दिलेला कागद वाटायचा. आमच्याच तालुक्यातल्या माणसांनी गोळ्या झेलून जे मागितलं, त्याचा तो एक तुकडा होता.

आता विरोधातला सर्वांत जड पुरावा. तो लपवून मत मांडणं बरोबर नाही. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना देशाला दिशा देणारी ठरली. तिची मजुरी शेतीच्या किमान वेतनाशी जोडलेली होती आणि १९८८ मध्ये ते वेतन एकदम जवळपास दुप्पट झालं. पुढे काय घडलं याचा अभ्यास मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी केला. दर वाढला, पण सरकारने कामं तेवढी काढली नाहीत. मागेल त्याला काम हे वचन ढिलं झालं आणि कामावरची हजेरी घटली. दर वाढवल्याने काम कमी होऊ शकतं, हे महाराष्ट्रानेच दाखवून दिलं आहे.

मी पूर्वी हा पुरावा पुढे करून चर्चा संपवायचो. आज मी त्यातून दोन गोष्टी घेतो. वर्षानुवर्षं दर गोठवून ठेवायचा आणि मग एकदम दुप्पट करायचा, ही पद्धत वाईट. आणि दर वाढवणाऱ्या सरकारने कामावर कात्री चालवली, तर एका हाताने दिलेलं ते दुसऱ्या हाताने काढून घेतं. दर वाढवूच नये, असं त्यातून निघत नाही. तणनाशकाचंही तेच. मजुरी वाढली तर शेतकरी निंदणी सोडून फवारणी करील, असं म्हणतात. फवारणी तर आम्ही केव्हाच सुरू केली. मजूर गुजरातला गेले म्हणून केली, सरकारी दराला घाबरून केली नाही.

सरकारच्या दराला गावात अर्थ येतो तो सरकार स्वतः काय देतं यावरून. रोजगार हमीच्या कामावर वेळेवर चांगला रोज मिळत असेल तर मलाही त्याच्या जवळपास द्यावं लागतं, नाहीतर माझ्या शेतात कुणी येणार नाही. मजुराच्या पाठीमागची खरी भिंत ती. आणि तिथेच सरकारने पळवाट ठेवली. केंद्राच्या रोजगार हमी कायद्याने किमान वेतन कायद्याला बाजूला ठेवून वेगळा दर ठरवायची मुभा स्वतःला घेतली. २०१९ च्या वेतन संहितेने सगळ्या कामगारांना किमान वेतनाच्या कक्षेत आणलं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली, पण रोजगार हमीला तिने हात लावला नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज २०२१-२२ मध्ये २४८ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये. देशपातळीवरचा किमान वेतनाचा तळाचा दर तर २०१७ मध्ये १७६ रुपये होता आणि २०१९ मध्ये तो १७८ केला. वाढ दोन रुपये. त्याच वर्षी सरकारनेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने पोषण, घर, कपडे असा हिशेब करून दिवसाला ३७५ रुपये सुचवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी आहे. मग सरकार स्वतःला वेगळा नियम कसा लावून घेतं?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या रोजगार हमीच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांचं वचन आहे, आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवस ही कामं बंद ठेवण्याची तरतूदही आहे. शेतकऱ्याला मजूर मिळावेत म्हणून हे केलं, असं सांगतात. काही वर्षांपूर्वी मी या तरतुदीचं स्वागत केलं असतं; अशी मागणी मीच चारचौघांत केलेली आहे. आज मला ती अन्यायाची वाटते. मजुराला वर्षात दोन वेळा अशा येतात जेव्हा त्याच्या हाताला मागणी असते आणि तो चार पैसे जास्त मागू शकतो. नेमक्या त्याच वेळी त्याचा दुसरा पर्याय काढून घ्यायचा आणि ते आमच्या नावाने करायचं. माझी पपई पिकली असताना सरकारने दुसऱ्या व्यापाऱ्यांना तालुक्यात यायला बंदी केली, तर मी ते सहन करीन का?

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. शेतीचं किमान वेतन वाढवावं आणि महागाईप्रमाणे दर वर्षी वाढवावं, दहा वर्षांनी एकदम नको. किलोवरच्या कामालाही दिवसाच्या किमान रोजाची खात्री असावी. सरकारने स्वतःच्या कामावर तोच दर द्यावा, वेळेवर द्यावा, आणि हंगामातली कामबंदी मागे घ्यावी. आणि त्याच श्वासात सांगतो, कापसाचा हमीभाव जाहीर करून थांबू नये. त्या भावाने खरेदी करावी, माल बाजारात येताना आयातीची दारं उघडू नयेत. मजुरीचा वाढलेला बोजा एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने उचलावा, असं मी म्हणत नाही. तो शेतमालाच्या भावात धरला गेलाच पाहिजे.

हे मागणं एकट्या शेतकऱ्याने किंवा एकट्या मजुराने करून भागत नाही. आपण हमीभावासाठी रस्त्यावर उतरतो तेव्हा आपल्या शेतात राबणारे त्या मोर्चात नसतात. त्यांच्या मोर्चात आपण नसतो. यातून फायदा होतो तो आपल्या दोघांकडून स्वस्तात घेणाऱ्यांचा. शेतकरी संघटनांना माझी विनंती आहे: पुढच्या निवेदनात हमीभावाच्या मागणीखाली शेतमजुराच्या किमान वेतनाची मागणी लिहा, आणि सही करताना आपल्या शेतात काम करणाऱ्या बाईलाही सही करायला बोलवा. सरकारची वाट न पाहता एक गोष्ट तर आपल्याच हातात आहे. यंदाच्या शेवटच्या वेचणीला किलोचा हिशेब बाजूला ठेवा आणि पूर्ण दिवसाचा रोज द्या. मी तो द्यायला लागलो आहे.